गुवाहाटीचा मुऱ्हाळी

"डोळे उघड," हे माझ्या मागून ओरडले, पण तोवर विमान धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात आपटलं होतं आणि पडदा लाल झाला होता.

"मेली सगळी," हे म्हणाले. "विमानभर माणसं मारलीस. ती काठी आहे, लाटणं नव्हे. आणि जमीन जवळ आली की डोळे कसले मिटतेस?"

मी म्हटलं, माणसं विमानात नव्हतीच, तुमच्या कॉम्प्युटरात होती. आणि लाटण्याचं म्हणाल तर त्याचा पोळ्यांखेरीज दुसराही उपयोग मला ठाऊक आहे. कॉटवर बसलेल्या आक्का चहाचा कप तोंडाशी धरून आमच्याकडे बघत होत्या. भांडण असलं की त्यांना चहा गोड लागतो.

"परत," हे म्हणाले. "पहिल्यापासून."

मी परत काठी धरली. विमानाची हौस मला कधीच नव्हती. मी त्या खुर्चीत बसले होते ते शर्वरीसाठी, आणि ह्या माणसाचं नाक खाली करावं म्हणून. त्या दिवसांत ह्या दोन गोष्टी माझ्या लेखी एकच होत्या.

आम्ही ओझरचे. हे तिथल्या लढाऊ विमानांच्या कारखान्यात वायरिंग तपासायचे. सगळा जन्म विमानांच्या पोटात डोकं घालून गेला, पण विमानात बसून कुठं जायची वेळ आली की ह्यांचं काहीतरी निघायचं. दिल्लीला गेले ते रेल्वेनं, बंगलोरला ट्रेनिंगला गेले तेही रेल्वेनं, सोबतचे साहेब विमानानं पुढं जाऊन यांची वाट बघत बसलेले. मी विचारलं की म्हणायचे, खुर्चीला बांधून न्यायला मी काय बटाट्याचं पोतं आहे? मला वाटायचं, केवढा हा मानी माणूस.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी पुतण्याकडून विमान चालवायचा सगळा सरंजाम जुळवून घेतला. भिंतभर पडदा, डाव्या हाताला काठी, उजव्या हाताला इंजिनाचे दोन दांडे, पायाशी पेडल. हे सगळं मांडलं शर्वरीच्या खोलीत, शर्वरीच्याच अभ्यासाच्या टेबलावर. तिनं शाळेत असताना कर्कटकानं टेबलावर आपलं नाव कोरलं होतं, ते दांड्यांच्या डब्याखाली गेलं. हे उड्डाणात असताना हाक मारायची नाही असा घरात नियम झाला. कुकरची शिट्टी झाली तरी आतून "श्श" असा आवाज यायचा.

शर्वरी आमची एकुलती एक. तिनं नागपूरच्या हर्षल बोरकुटेशी लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. हे लग्नाला गेले नाहीत आणि मलाही जाऊ दिलं नाही. जावयाची नोकरी गुवाहाटीला, तेव्हा पोर तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली. पुढं दोन वर्षांनी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. फोन आला तेव्हा ती धड बोलतसुद्धा नव्हती, नुसती "आई, आई" करत होती. मी फोन हातात धरूनच ह्यांना म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता मुंबईला जाऊ आणि मिळेल त्या विमानानं निघू. हे जागचे उठले नाहीत. "ती मला मेली," असं म्हणाले आणि त्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. फोन चालूच होता. शर्वरीनं ते ऐकलं.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं उरलं ते मीठमिरचीपुरतं. शर्वरी ह्यांना मेसेज करायची, बाबा, माझं चुकलं असेल तर माफ करा, असे. हे वाचायचे आणि फोन उपडा ठेवायचे. मी ते बघायचे आणि आतल्या आत जळायचे.

आता दोन वर्षांनी तिला परत दिवस गेले होते. सातवा सरत आला होता. तिच्या सासूबाई, शकुंतलाबाई, नागपूरहून तिच्याजवळ येऊन राहिल्या होत्या. त्यांचा फोन आला तो असा.

"बाळंतपण माहेरी करा, आमची ना नाही ताई. पण पोरीला न्यायला तिच्या बापानं यायला पाह्यजे नं. लग्नात कोणी आलं नाही. मागच्या टायमाला कोणी आलं नाही. आम्ही एका शब्दानं बोललो नाही. आता मुऱ्हाळी आल्याबिगर सून नाही पाठवत आम्ही."

मुऱ्हाळी म्हणजे सासरहून मुलीला माहेरी आणायला जाणारा माणूस. बाप, नाहीतर भाऊ. शर्वरीला भाऊ नाही. आणि बाईंचं काही चुकत होतं असंही मला वाटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाडीचा दोन-तीन दिवसांचा प्रवास अजिबात नको, विमानानं न्या, तेही लवकर, नंतर विमानात घेणार नाहीत. मग शर्वरीनं फोन घेतला.

"आई, मला ह्या वेळी इथं नको गं," ती म्हणाली. "मागचं ह्याच खोलीत झालं होतं."

मी त्या खोलीचं दार उघडून आत गेले. हे ढगांच्या वर होते. मी सांगितलं, शर्वरीला आणायला जायचंय, आणि ही खोली रिकामी करायची आहे. ह्यांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, "मी उड्डाणात आहे." मी जाऊन पडद्यापुढं उभी राहिले. आक्का दारात येऊन थांबल्या. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, मागच्या गल्लीत एकट्या राहतात. कायम भावाच्या बाजूच्या, पण ऐकलेलं विसरत नाहीत.

"सर बाजूला," हे म्हणाले. "तुला काय कळतं हे काय आहे ते? आधी एक विमान उतरवून दाखव आणि मग मला हुकूम सोड."

"उतरवलं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"तर तुम्ही मुऱ्हाळी म्हणून गुवाहाटीला जायचं आणि तिला घेऊन यायचं."

हे हसले. मला अजून ते हसू आठवतं. "जाईन की," म्हणाले. "तू आणि विमान!"

"मधू, शब्द दिलास," आक्का दारातून म्हणाल्या. "मी ऐकलाय. आणि शिकवावंसुद्धा तुलाच लागेल. न शिकवता परीक्षा घेणं आपल्या घराण्यात नाही."

असा माझा क्लास सुरू झाला. सकाळी नाश्ता झाला की मी खुर्चीत, हे मागं उभे. आयुष्यात मी लुनाच्या पुढचं काही चालवलेलं नव्हतं. पहिले काही दिवस मी विमान नीट वर नेतच नव्हते, कधी पट्टीवरून गवतात जायचे, कधी वर जाऊन उलटायचे. हे प्रत्येक वेळी माझ्या माहेरचा उद्धार करायचे. माझे वडील गूळ विकायचे, तर म्हणाले, ढेप उतरवतेस का विमान उतरवतेस? मी म्हटलं, गुळाच्या ढेपेनं कुणाची पोर मारली नाही. त्यावर दोन दिवस क्लास बंद. मग आक्कांनी शब्दाची आठवण दिली, तेव्हा परत सुरू.

एक मात्र कबूल करायला हवं, शिव्या वगळल्या तर माणूस शिकवायचा चांगलं. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले की आपण बरोबर उंचीवर. चारही लाल दिसले की फार खाली आलोय, मरणार. चारही पांढरे म्हणजे फार वर, पट्टी संपून जाणार. हे मी लगेच धरलं. काठी ओढायची नाही, नुसती बोटांनी सांगायची, आणि विमानानं ऐकेपर्यंत दम धरायचा. ते मला जड गेलं, कारण दम धरणं हा माझा स्वभाव नाही. पण खरी अडचण शेवटी यायची. यंत्र उंची मोठ्यानं मोजून सांगतं, पन्नास, चाळीस, तीस, आणि तो आकडा उतरायला लागला की माझे डोळे आपोआप मिटायचे.

"समोरची जमीन बघतेस म्हणून घाबरतेस," हे म्हणाले. "पट्टीच्या पार पलीकडच्या टोकाकडं बघ. आणि डोळे उघडे ठेव. मिटलेल्या डोळ्यांनी आजवर कुणी उतरलेलं नाही."

हे सकाळी दूध आणायला आणि मग कॉलनीच्या मैदानात चकरा मारायला जायचे. तेवढ्यात मी गुपचूप बसायचे. भाजी करपली, कपडे भिजत राहिले, मी बसायचे. शर्वरीचा फोन आला की विचारायची, बाबा येतायत का? मी म्हणायचे, येतायत, थांब जरा. काय थांबायचं ते तिला सांगायची सोय नव्हती. डॉक्टरांची मुदत जवळ येत होती, आणि मी रोज कुठल्या ना कुठल्या शेतात पडत होते.

मग एके दिवशी पडले नाही. दणका बसला, विमान एकदा उडालं, परत टेकलं, आणि पट्टीवरच थांबलं. बघायला कुणी नव्हतं. मी उठून देवापुढं साखर ठेवली.

त्याच सुमारास एक गोष्ट झाली, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी बसले होते, हे मागं चहाचा कप घेऊन उभे होते. काठीवरून हात काढताना माझं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि पडद्यावरचं सगळं बदललं. पुढच्या काचा गेल्या, घड्याळं गेली. आम्ही एकदम मागं, प्रवाशांच्या खुर्च्यांत आलो. समोर पुढच्या खुर्चीची पाठ, बाजूला गोल खिडकी, खिडकीबाहेर विमानाचा पंख. ढगात होतो, त्यामुळे पंख थरथरत होता.

"बंद कर ते," हे म्हणाले.

मी बटण शोधत होते. मला सापडेना.

"बंद कर म्हणतो ना!"

मी मागं वळून बघितलं तर चहा बशीतून ह्यांच्या पायावर सांडत होता आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता. एक हात कपाटाला धरलेला. कपाळावर घाम. मला वाटलं, बीपी वाढलं. कसंतरी ते दृश्य गेलं, तसे हे मोरीत गेले आणि बराच वेळ पाणी ओतत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, त्या जागेचा काही उपयोग नाही. तिथं बसून माणसानं करायचं काय? हातात काहीच नसतं.

परीक्षेचा दिवस आक्कांनी ठरवला, रविवारचा. दुपारी जेवणं झाल्यावर त्या कॉटवर मांडी घालून बसल्या. मी म्हटलं होतं, उतरवीन तर गुवाहाटीलाच उतरवीन. ह्यांनी मुद्दाम पाऊस घातला, आडवा वारा घातला, ढग इतके खाली आणले की पट्टी शेवटपर्यंत दिसू नये. आक्का म्हणाल्या, हे जास्त होतंय मधू. हे म्हणाले, आसामात पाऊस असतोच.

मी आले ढगांतून. काचेवर पाणी होतं, काही दिसत नव्हतं, नुसते आकडे. मग एकदम ढग संपले आणि पट्टी दिसली, पण समोर नाही, तिरकी, डावीकडं. वाऱ्यानं मला ढकलून नेलं होतं. चारही दिवे लाल. मागून हे काहीतरी बोलले, मी ऐकलं नाही. दांडे थोडे पुढं सारले. तीन लाल झाले. मग दोन. काठी बोटांनी धरली आणि दम धरला. आयुष्यात पहिल्यांदा नीट दम धरला. यंत्र मोजायला लागलं, पन्नास, चाळीस. माझे डोळे जडावले. मी पट्टीच्या पार टोकाकडं बघितलं, आणि ज्या घरात माझी पोर बसली होती ते घर तिथं असल्यासारखं त्या टोकाकडं बघत राहिले. तीस. वीस. नाक जरा वर. दांडे मागं.

दणका बसला. विमान तिरकं टेकलं, सरळ झालं, पळत राहिलं आणि थांबलं. पावसाचा आवाज येत होता.

"उतरलं की," आक्का म्हणाल्या.

"आपटलं," हे म्हणाले.

"आपटलं की लाल होतं. मी रोज बघतेय. हे लाल झालं नाही."

मी खुर्ची वळवली आणि ह्यांना विचारलं, तिकीट कधीचं काढायचं? हे म्हणाले, काढू. कधी? बघू. मी म्हटलं, बघायला दिवस उरलेले नाहीत. तर म्हणाले, मी जाईन, पण रेल्वेनं जाईन. मी विचारलं, आणि तिला कशी आणणार? तिला जावई विमानानं आणेल, हे म्हणाले. मग तुम्ही कशाला जायचं, रेल्वे बघायला? तेव्हा हे चिडले. आवाज चढला. कुठल्या तोंडानं मी त्या घराची पायरी चढू, मला न विचारता गेलेली पोर ती, मी एकदा सांगितलंय ती मला मेली, असं सगळं सुरू झालं. मी ऐकत होते. ऐकता ऐकता माझं लक्ष ह्यांच्या कपाळाकडं गेलं. रागानं माणूस लाल होतो. हे पांढरे पडले होते, आणि कपाळावर तोच घाम होता, त्या दिवशीचा, चहा सांडला त्या दिवशीचा.

मी विमान परत ढगात नेऊन ठेवलं, आपलं आपण उडायला लावलं आणि ते बटण दाबलं. खुर्चीची पाठ, गोल खिडकी, पंख.

"बसा," मी उठून म्हणाले.

"कशाला?"

"काही करायचं नाही. नुसतं बसायचं. हात मांडीवर ठेवून, पोत्यासारखं. उतरेपर्यंत बसलात तर रेल्वेनं जा, मी एक शब्द बोलणार नाही."

"बस की मधू," आक्का म्हणाल्या. त्यांना वाटलं, सोपं आहे.

हे बसले. पंख थरथरायला लागला. ह्यांनी मांडीवरचं धोतर मुठीत धरलं. विमान एकदा खाली गेलं, ते चित्रातच गेलं, पण हे खुर्चीत मागं रेलले आणि तोंडातून आवाज निघाला. मग एकदम उठले, टेबलाखाली वाकले आणि भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला.

"तुम्हाला शर्वरीचा राग नाही," मी म्हणाले. "तुम्ही विमानाला भिता."

"तोंड सांभाळून बोल."

"दोन वर्षांपूर्वीसुद्धा हेच होतं."

कॉटवरून आक्काच बोलल्या, अगदी हळू.

"जत्रेत पाळण्यात बसायचा नाही हा. मी बसायचे. हा खाली उभा राहून मला शिव्या द्यायचा, उतर म्हणून. आम्हाला वाटायचं, तापट आहे."

मला काय वाटलं ते सांगते. मला दया आली नाही. मघाशी होता त्याच्या दुप्पट राग आला. राग बापाला शोभतो, भीती शोभत नाही, म्हणून ह्या माणसानं पोटची पोर मेली म्हणून सांगितलं. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा निर्दय म्हणवून घेणं त्याला सोपं गेलं. आणि मी, जिला ह्यांच्या प्रत्येक शिंकेचं कारण कळतं, तिला हे कळलं नव्हतं.

"मी जाते," मी म्हणाले.

"बाईमाणूस मुऱ्हाळी जात नाही," आक्का म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

"आता जाईल."

"गेलीस तर ह्या खोलीला मी हात लावणार नाही," हे भिंतीकडं बघत म्हणाले.

"नका लावू. मी आल्यावर लावीन, आणि तुमची ही काठी आधी चुलीत घालीन."

तिकीट हर्षलनं काढून पाठवलं. पुतण्यानं मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडलं. मला खिडकी मिळाली, बरोबर पंखाच्या मागं. तेच दृश्य, पुढच्या खुर्चीची पाठ, गोल खिडकी. मी खरं सांगते, मला भीती वाटली नाही. इतक्या वेळा मेले होते की आता काय राहिलं होतं? उतरताना विमान चांगलं दणकलं. मी मोठ्यानं म्हणाले, मी ह्यापेक्षा बरं उतरवते. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही पायलट आहात का? मी म्हटलं, घरच्या घरी.

शकुंतलाबाईंनी दार उघडलं आणि माझ्या मागं बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"मुऱ्हाळी?"

"मीच."

त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, पण चेहरा मोकळा झाला नाही. शर्वरी आतल्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला त्या अवस्थेत मी पहिल्यांदा बघत होते. ती माझ्याकडं आली नाही. तीसुद्धा माझ्या मागंच बघत होती.

"बाप काहून नाही आले ताई?" शकुंतलाबाईंनी विचारलं. "इतका राग हाय का अजून?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. बापाचा राग सगळ्यांना समजतो. व्याह्यांच्या घरात नवऱ्याची अब्रू राखायची असते हे मलाही शिकवलेलं होतं. मी शर्वरीकडं बघितलं.

"राग नाही," मी म्हणाले. "ते विमानाला भितात. पहिल्यापासून. मागच्या वेळीही म्हणूनच आले नाहीत."

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू येत होतं की काय, मला कळलं नाही. शर्वरी हसली नाही. ती हळूच खुर्चीत बसली.

"रागच असता तर बरं झालं असतं, आई," ती म्हणाली. "मी दोन वर्षं माफी मागत होते. कशाची मागत होते मग?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिनं काही वेळ ठेवू दिला. शकुंतलाबाई उठून आत गेल्या आणि सुनेची बॅग बाहेर घेऊन आल्या. "न्या ताई," एवढंच म्हणाल्या.

आम्ही ओझरला पोचलो तेव्हा हे फाटकाशी उभे होते. पुढं होऊन बॅग घ्यायला हात केला, मी दिली नाही. मी सरळ खोलीत गेले. खोली रिकामी होती. कॉट खिडकीशी लावलेली, वर धुतलेली चादर. टेबल पुसून परत जागेवर, त्यावरचं कोरलेलं नाव उघडं. पडदा, काठी, पेडल, सगळं मागच्या व्हरांड्यात चादरीखाली झाकून ठेवलं होतं. ह्यानं मी विरघळले असं कुणी समजू नये. हमाली कुणीही करतं.

शर्वरी फाटकाशीच थांबली होती. वाकून नमस्कार केला नाही. ह्यांच्यासमोर उभी राहिली, हे तिच्या पोटाकडं बघत होते, चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

"बाबा, बाळ झाल्यावर मला परत पोचवायला तुम्ही यायचं," ती म्हणाली. "विमानानं. माझ्या शेजारी बसून. नाही आलात तर मागं फोनवर म्हणालात ते खरं समजा."

उत्तराला न थांबता ती आत निघून आली. त्यानंतर ती ह्यांच्याशी बोलली नाही. हे सकाळी दूध आणायचे, तिचा पेला भरून टेबलावर ठेवायचे, ती प्यायची आणि पेला घासून ठेवायची. माफी कुणी मागितली नाही आणि आक्कासुद्धा चहाला बसल्या की गप्प असायच्या.

एक दिवस दुपारी शर्वरी आत झोपली होती. मी वाळलेले कपडे काढायला मागं गेले तर व्हरांड्यातून घरघर ऐकू आली. चादर बाजूला केलेली होती, पडदा चालू होता. काठी आणि दांडे खाली फरशीवर, वायरी गुंडाळून. हे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. पडद्यावर पुढच्या खुर्चीची पाठ होती, गोल खिडकी होती आणि खिडकीबाहेर थरथरणारा पंख. विमान आपलं आपण खाली चाललं होतं. ह्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता.

मी कपडे हातात घेऊन ह्यांच्या मागं जाऊन उभी राहिले, हे माझ्या मागं उभे राहायचे तशी. खिडकीतून शेतं दिसायला लागली होती. जमीन जवळ आली.

"डोळे उघडा," मी म्हणाले.